एकाची सवय, दुसऱ्याचा गुण

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी लिहून दिली की घरातून एक प्रश्न हमखास येतो : ‘आत्ताच हे सुरू केलं, तर पुढे दुखणं वाढल्यावर काय देणार?’ शरीर औषधाला सरावतं, मग ते लागू पडत नाही, हे लोकांनी पाहिलेलं असतं. मॉर्फिनला सरावलेल्या शरीरावर त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाचा गुण येईल का, हा त्यातला खरा प्रश्न. त्याचं उत्तर आहे : येतो, पण पूर्वीइतका नाही आणि सगळ्यांचा सारखा नाही. या ‘सारखा नाही’मध्येच रुग्णाची आशा आहे आणि धोकाही.

मॉर्फिन आणि कोडीन अफूच्या बोंडातून मिळतात, फेंटानिल आणि मेथाडोन कारखान्यात तयार होतात. या सर्वांचं मुख्य काम चालतं ते चेतापेशींवरच्या ‘म्यू’ नावाच्या रिसेप्टरवर. अफूजन्य औषधांसाठी मेंदूत असे रिसेप्टर असतात, हे 1973 मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं. औषध तिथे बसलं की वेदनेचे संदेश मंदावतात. पुन्हा पुन्हा बसत राहिलं की पेशी जुळवून घेते. रिसेप्टरवर रासायनिक खुणा होतात, ‘अरेस्टिन’ नावाचं प्रथिन त्याला येऊन चिकटतं, काही रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात आणि औषधाने दाबलेली आतली यंत्रणा उलट जोर धरते. हा बदल औषधाच्या नावावर ठरत नाही. रिसेप्टर सगळ्यांचा एकच, त्यामुळे एकाच्या सवयीचा फटका दुसऱ्यालाही बसतो.

तरी फटका अपुरा का बसतो? एक कारण औषधाच्या ताकदीत आहे. फेंटानिलसारख्या जोरकस औषधाला थोडेच रिसेप्टर पुरतात. मॉर्फिनला तेवढ्याच कामासाठी जास्त लागतात, म्हणून चालू रिसेप्टर घटले की मॉर्फिन आधी लंगडं पडतं. दुसरं कारण न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर केंद्रात गॅव्हरिल पास्टरनाक यांनी वर्षानुवर्षं शोधलं. म्यू रिसेप्टरचं जनुक एकच असलं, तरी त्यापासून रिसेप्टरची अनेक रूपं बनतात, आणि प्रत्येक औषध सगळ्या रूपांवर सारखं चालत नाही. उंदरांच्या एका वाणावर मॉर्फिनचा परिणाम फारच थोडा होतो, हेरॉइनचा मात्र होतो. तिसरं कारण मेथाडोनपुरतं आहे : ते ‘एनएमडीए’ नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरलाही अडवतं आणि सवय मुरण्यात त्या रिसेप्टरचा हात असतो.

म्हणूनच एका औषधाने भागेनासं झालं, किंवा गुंगी आणि भ्रम सोसवेनासे झाले, की डॉक्टर औषध बदलतात. कशाचे किती मिलिग्रॅम कशाच्या किती मिलिग्रॅमबरोबर, याचे तक्ते असतात. मात्र तक्त्यातून आलेला आकडा तसाच दिला, तर नव्या औषधाला शरीर तितकं सरावलेलं नसल्याने श्वास मंदावू शकतो. त्यामुळे बहुतेक वेळा हिशेबाने आलेल्या डोसमधून 25 ते 50 टक्के कापून सुरुवात होते आणि मग रुग्णाकडे पाहत वाढ होते.

मेथाडोनपुढे तर साधा तक्ता टिकतच नाही. मिलानच्या कर्करोग संस्थेतल्या कार्ला रिपामोंती आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मॉर्फिनवरून मेथाडोनवर आणलेल्या 38 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला 30 ते 90 मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्यांत सुमारे चार मिलिग्रॅम मॉर्फिनचं काम एक मिलिग्रॅम मेथाडोन करत होतं. 300 मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत हेच प्रमाण बाराच्या आसपास गेलं. म्हणजे 400 मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्याला चाराच्या हिशेबाने 100 मिलिग्रॅम मेथाडोन दिलं, तर ते गरजेच्या तिप्पट झालं. त्यात मेथाडोन शरीरातून फार सावकाश उतरतं आणि दिवसागणिक साचत जातं. पहिल्या दिवशी बरा वाटणारा डोस चौथ्या दिवशी घातक ठरू शकतो. हे काम अनुभवी हातांचंच आहे. घरच्या घरी केलेला हिशेब इथे जिवावर बेततो.

उलट्या दिशेचा, म्हणजे मेथाडोनच्या सवयीने मॉर्फिनचा गुण घटतो याचा, पुरावा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी रोज मेथाडोन घेणाऱ्या लोकांना तिथल्या संशोधकांनी बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगितलं. इतरांपेक्षा त्यांनी हात लवकर काढला. शिरेतून मॉर्फिन दिलं, तरी त्यांना जेमतेमच आराम पडला. 2001 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. भारतातही अशा उपचारात मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन देतात. असा उपचार घेणारा माणूस हाड मोडून किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात आला, की ‘आधीच औषध चालू आहे, आणखी कशाला?’ असं म्हटलं जातं. हे चूक आहे, आणि क्रूरही आहे. रोजचा डोस तलफ आणि कासाविशी चोवीस तास आवरतो, पण त्याचा वेदना शमवणारा भाग काही तासांत ओसरतो. शिवाय दुखणं त्याला इतरांपेक्षा जास्त जाणवतं. त्याने जास्त औषध मागितलं तर त्यात लबाडी शोधू नये. त्याचा रोजचा डोस चालू ठेवून वेदनेचा उपचार वेगळा करावा लागतो, आणि तो सहसा मोठ्या डोसने.

दुखणं जास्त जाणवण्याचा हा प्रकार इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट यांना 1870 मध्येच खटकला होता. मॉर्फिनची इंजेक्शनं जी वेदना शमवायला देतात, तीच ती वाढवत तर नाहीत ना, असा प्रश्न त्यांनी लेखी विचारला होता. आज भूलतज्ज्ञांना रेमिफेंटानिल या त्याच जातीच्या औषधाच्या मोठ्या डोसनंतर हे दिसतं. इथे डोस चढवला की दुखणं आणखी चिडतं, म्हणून डोस उतरवणं, औषध बदलणं किंवा केटामिनची जोड देणं हे उपाय करतात. सवय आणि ही चिडलेली वेदना वरवर सारखीच दिसतात. दुखणं मूळ जागा सोडून पसरत असेल, नुसत्या स्पर्शानेही कळ येत असेल, तर दुसरीची शंका घ्यावी.

कॅन्सरमध्ये मात्र डोस वाढवावा लागतो तेव्हा त्यामागे बहुधा रोग वाढलेला असतो. रोग आटोक्यात असेल, तर तोच डोस कित्येक महिने पुरतो. मॉर्फिनला ठरावीक कमाल मर्यादा नाही, त्यामुळे आज दिलेल्या गोळीने उद्याची संपत नाही. शरीर सगळ्याच परिणामांना सरावत नाही, हेही खरं. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून लागतं. सवय जातेही लवकर. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आलेला माणूस जुन्याच मापाने हेरॉइन घेतो आणि दगावतो, कारण त्याचं शरीर ते माप विसरलेलं असतं.

औषध बदलायला जाताना डॉक्टरांपुढे चिठ्ठीवरचा डोस नव्हे, प्रत्यक्ष पोटात गेलेला डोस यायला हवा. किती गोळ्या चुकल्या, मधे उलटी झाली का, खोकल्याच्या औषधात कोडीन होतं का, ट्रामाडोलसारखं याच जातीचं दुसरं वेदनाशामक चालू होतं का, हे सगळं सांगावं. फेंटानिलची पट्टी लावली असेल तर ती कधी काढली तेही सांगावं. पट्टी निघाल्यावरही कातडीत साठलेलं औषध बारा तास ते दिवसभर रक्तात उतरत राहतं, आणि नव्या औषधाचा पहिला डोस त्याच्यावर चढतो.