आडवी धावणारी मेट्रो १

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर : ११.४ किमी, १२ स्थानके, पूर्ण उन्नत. पायाभरणी २००६, सेवा ८ जून २०१४ पासून.

मुंबईची पहिली मेट्रो लांबीने तोकडी, पण तिचे मोल किलोमीटरवर ठरत नाही. पश्चिम आणि मध्य रेल्वे उत्तर-दक्षिण धावतात. उपनगरांत पूर्व-पश्चिम जायचे तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या कोंडीला पर्याय नव्हता. ही मार्गिका अंधेरीला पश्चिम रेल्वेशी आणि घाटकोपरला मध्य रेल्वेशी जोडलेली आहे. अंधेरीला ती पोलादी पुलावरून लोकलचे रूळ ओलांडते, तर पश्चिम द्रुतगती महामार्गावर तारांनी तोललेल्या पुलावरून जाते.

मग रूळ लोकललाच का जोडले नाहीत? लोकल १,६७६ मिमीच्या ब्रॉडगेजवर धावते, मेट्रो १ मात्र १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवर. वीज दोन्हीकडे २५ केव्ही एसी, पण गाडी इकडची तिकडे जाणे शक्य नाही. बदलायचे ते प्रवाशाने. चार डब्यांची गाडी गर्दीला अपुरी पडते, हा आक्षेप रास्तच. मात्र तो क्षमतेवरचा आहे, आखणीवरचा नव्हे: पुढे डी. एन. नगरला २अ, पश्चिम द्रुतगती महामार्गाला ७ आणि मरोळ नाक्याला भुयारी ३ या मार्गिका याच आडव्या रेघेला येऊन मिळाल्या.