न आलेली वायुनौका

वायुनौका म्हणताच आपल्याला जत्रेतला फुगा आठवतो. वास्तविक पूर्वीच्या मोठ्या प्रवासी वायुनौकांना धातूचा सांगाडा असे. वर कापडाचे आवरण आणि पोटात हायड्रोजनच्या पिशव्या. अशी एक नौका आपल्याकडेही यायची होती. ती म्हणजे ब्रिटिश सरकारची ‘आर १०१’. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीला तिच्यासाठी अजस्र शेड आणि ती बांधून ठेवण्याचा मनोराही उभारला होता. ४ ऑक्टोबर १९३० रोजी संध्याकाळी ती इंग्लंडहून निघाली आणि उत्तररात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून पेटली. ५४ पैकी ४८ जण गेले. कराचीच्या शेडने वायुनौका कधी पाहिलीच नाही.

तिची १:५०० प्रमाणातली प्रतिकृती मी चिखलीतल्या आमच्या खोलीत करायला घेतली. पहिलाच प्रश्न, लांबी कोणती धरायची? मूळ नौका २२३ मीटर होती. वजन पुरेसे उचलेना, म्हणून १९३० मध्ये ती मध्यभागी कापून एक जादा कप्पा घातला. मग ती २३७ मीटर झाली. मी अखेरच्या प्रवासातली धरली, म्हणजे ४७.४ सेंटिमीटर. याच प्रमाणात १२ मीटरची बस अडीच सेंटिमीटरही भरत नाही! प्रवाशांच्या खोल्या पोटातच असल्याने बाहेर मात्र खिडक्यांपलीकडे काही दिसत नाही.

पुठ्ठ्याच्या चकत्या, बांबूच्या काड्या, वर ड्रॉइंगशीट. शेजारचे वर्कशॉपवाले काका बघायला आले. “गॅस भरला की उडंल का रं?” मी बेधडक ‘हो’ म्हटले. रात्री हिशेब मांडला आणि ओशाळलो.

लांबी पाचशेपट घटली, की पोटातली जागा पाचशेचा घन, म्हणजे साडेबारा कोटीपट घटते. आर १०१ चे आकारमान सुमारे १ लाख ५६ हजार घनमीटर; माझ्या वाट्याला आले सव्वा लिटर. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो. तेव्हा सव्वा लिटर उचलणार जेमतेम दीड ग्रॅम, आणि माझे नुसते पुठ्ठेच ६० ग्रॅमचे! १:१०० केली तरी अडीच मीटरच्या आसपासची ती नौका सगळे धरून १७० ग्रॅमच्या आत बसवावी लागेल. उलट लांबी दुप्पट केली तर आवरण चौपट लागते, पोट मात्र आठपट होते. त्या काळी नौका मोठ्याच मोठ्या का होत गेल्या, ते इथे कळते.

काकांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी चकत्या हातात तोलून पाहिल्या आणि म्हणाले, “मग दोऱ्यानं टांग की.”

सध्या ती पंख्यापासून चार हात दूर टांगलेली आहे.