लायब्ररी येते सहकुटुंब

लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ असं छापलेलं असतं. पाकिटावर नाव एकाचं. पानं किती मांडायची, हे मात्र यजमानाला पंगत बसल्यावरच कळतं. जावाचा प्रकल्प मेव्हन हे साधन वापरून बांधणाऱ्याचं काहीसं असंच होतं. यादीत तो दहा लायब्रऱ्या लिहितो आणि बिल्ड झाल्यावर पाहतो तर फोल्डरमध्ये शंभरेक जार फाइली! कोण कोणाबरोबर आलं आणि एकाच नावाचे दोघे दारात आले तेव्हा आत कोणाला घेतलं, याचे मेव्हनचे नियम मोजके आहेत. ते क्रमाने पाहू.

यादी असते पॉम.एक्सएमएल या फाइलीत. प्रत्येक लायब्ररीची ओळख तीन गोष्टींनी पटते: ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी आणि आवृत्ती. म्हणजे घराणं, नाव आणि कितवी पिढी. ही ओळख घेऊन मेव्हन आधी आपल्याच संगणकावर, होम फोल्डरमधल्या .एमटू या साठ्यात शोधतो. तिथे नसेल तर मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारातून उतरवून घेतो. जारबरोबर त्या लायब्ररीची स्वतःची पॉम फाइलही येते. तिच्यात तिची यादी असते, त्या यादीतल्या प्रत्येकीची पुन्हा वेगळी. मेव्हन ही साखळी शेवटपर्यंत चालत जातो. ही सोय २००५मध्ये मेव्हन २ बरोबर आली. त्याआधी साखळीतली प्रत्येक जार स्वतः शोधून यादीत लिहावी किंवा प्रकल्पात ठेवावी लागे आणि एखादी राहिली की प्रोग्राम ऐन वेळी कोसळे.

मात्र साखळीतलं सगळंच येत नाही. एखाद्या लायब्ररीने फक्त स्वतःच्या चाचण्यांसाठी, म्हणजे ‘टेस्ट’ स्कोपखाली, घेतलेल्या गोष्टी तुमच्याकडे येत नाहीत. ‘ऑप्शनल’ अशी खूण केलेल्याही येत नाहीत.

खरा पेच पुढे आहे. समजा, तुम्ही मेल पाठवणारी एक आणि अहवाल बनवणारी एक अशा दोन लायब्रऱ्या घेतल्या. मेलवालीला जेसन वाचणाऱ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी आहे. अहवालवाली आधी एक्सेलची लायब्ररी आणते आणि त्या एक्सेलवालीला त्याच जेसन लायब्ररीची नवी आवृत्ती लागते. जावाच्या क्लासपाथवर एका नावाचा क्लास एकदाच भरतो, त्यामुळे दोघींपैकी एकच ठेवावी लागते. मेव्हन म्हणतो, जी जवळची ती खरी. जुनी आवृत्ती तुमच्यापासून दोन पायऱ्यांवर, नवी तीन पायऱ्यांवर. म्हणून जुनी जिंकते. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये जिची ओळ आधी तिची सरशी. म्हणजे दोन ओळींची नुसती अदलाबदल केली तरी वेगळा प्रोग्राम तयार होऊ शकतो.

तुमचा कोड निमूटपणे कंपाइल होतो, कारण एक्सेलची लायब्ररी आधीच कंपाइल होऊन आलेली असते. मग एखाद्या दिवशी कोणीतरी एक्सेलचं बटण दाबतं आणि ‘नो सच मेथड एरर’ समोर येते. जी मेथड नव्या आवृत्तीत आली, ती जुन्या जारमध्ये कुठून असणार?

दुसऱ्या साधनांनी हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. ग्रेडल एरवी मागितलेल्यांतली सर्वांत नवी आवृत्ती घेतो. जावास्क्रिप्टच्या जगातला एनपीएम गरज पडली तर दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवतो. गो भाषेत प्रत्येकाने ‘किमान एवढी तरी हवी’ असं सांगायचं असतं आणि त्या किमान आकड्यांतला सर्वांत मोठा घेतला जातो. त्याहून नवी आवृत्ती बाजारात असली तरी ती आपणहून आत येत नाही.

जसा नियम, तसं दुखणं. एनपीएमच्या यादीत आकड्याआधी सहसा टोपीची खूण असते. १.२.३ला टोपी घातली की २.०.०च्या आतलं त्याहून नवं काहीही चालतं. म्हणून आज एक आणि उद्या दुसरंच उतरण्याची शक्यता राहते. त्यावर उतारा लॉक फाइलीचा: नेमकं काय उतरलं ते आकडा आणि हॅशसकट लिहून ठेवायचं. पण भांडारातून वस्तूच नाहीशी झाली तर? मार्च २०१६मध्ये लेफ्ट-पॅड या अवघ्या अकरा ओळींच्या लायब्ररीच्या लेखकाने आपल्या दुसऱ्याच एका लायब्ररीच्या नावावरून झालेल्या वादानंतर ती काढून घेतली आणि जगभरातले बिल्ड अडले. तिचं नावही न ऐकलेल्यांचे बिल्ड त्यात होते, कारण ती साखळीत खोल कुठेतरी बसलेली होती.

मेव्हन सेंट्रलवर एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती बदलता येत नाही, काढूनही घेता येत नाही. पॉममध्येही लोक बहुधा नेमका आकडाच लिहितात. त्यामुळे इथलं दुखणं उलटं आहे: जे आलं ते वर्षानुवर्षं हलत नाही. डिसेंबर २०२१मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे या लायब्ररीतली लॉगफोरशेल ही त्रुटी उघड झाली. लॉगमध्ये विशिष्ट घडणीचा मजकूर आला की लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला जाई आणि तिथला कोड आपल्या यंत्रावर चालू शके. दुरुस्तीची २.१५.० आली, ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात २.१७.१ पर्यंत मजल गेली. दुरुस्ती लावण्याआधी मात्र एका प्रश्नाने अनेकांची झोप उडवली: ‘ही लायब्ररी आपल्याकडे आहे का?’ त्यांच्या पॉममध्ये तिचं नाव नव्हतं. ती कोणाच्या तरी सोबतीने आलेली होती.

याचं उत्तर ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री’ ही आज्ञा देते. कोण कोणामागून आलं, याची वंशावळ ती छापते. ‘व्हर्बोज’ हा पर्याय जोडला की डावललेल्या आवृत्त्याही दिसतात. मग तीन उपाय हाताशी आहेत. हवी ती आवृत्ती ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ या भागात लिहिली की साखळीत ती कितीही खोल असो, तोच आकडा लागू होतो. सोबत आलेली एखादी नकोच असेल तर आणणारीच्या नोंदीत ‘एक्सक्लूजन’ लिहायचं. आणि जिचे क्लास तुमच्या कोडमध्ये थेट वापरता, ती आपल्या यादीत स्वतःच्या नावाने लिहायची. दुसऱ्या कोणाबरोबर आली आहे म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. आणणारीने उद्या तिची सोबत सोडली तर तुमचा कोड उघडा पडेल.

मेव्हनमध्ये लॉक फाइल मुळात नाही, पण एन्फोर्सर हे प्लगइन आहे. त्यातला ‘डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स’ हा नियम लावला की दोन वेगळे आकडे दिसताच बिल्ड थांबतो आणि निवड मेव्हनवर न सोडता तुम्हालाच करावी लागते. जुन्या प्रकल्पात हा नियम पहिल्यांदा लावाल तेव्हा तक्रारींची लांबलचक यादी येईल. घाबरून नियम काढू नका. जिथे थेट आपला कोड अवलंबून आहे तिथून सुरुवात करा आणि यापुढे पॉममध्ये नवी ओळ लिहिण्याआधी एकदा आणि नंतर एकदा ती वंशावळ छापून दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.