आधी खुराडं, मग अंगण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आठवडे बाजारातून कोंबडी घरी येते ती बहुधा उलटी लटकून. पाय सुतळीने बांधलेले, डोकं खाली आणि सायकलच्या हँडलला हेलकावे खात. घरी आल्यावर आपण सुतळी सोडतो, मूठभर ज्वारी टाकतो आणि म्हणतो, "जा बाई, हिंड आता मोकळी." संध्याकाळी शोधायला निघावं, तर एक शेजाऱ्याच्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली, दुसरी निंबाच्या फांदीवर आणि तिसरी कुठेच नाही. सकाळी उकिरड्याजवळ तिची पिसं तेवढी सापडतात.

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो, पण पशुवैद्यकाशी माझा संबंध नाही. मात्र अंगणात कोंबड्या नाहीत, असं आमचं घर कधी नव्हतं. आमच्या घरात 'दडबा' म्हणत, शेजारी 'खुराडं' म्हणत. कोंबड्यांना नावाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना जागा कळत होती. आजच्या बोलण्याचं सार तेवढंच आहे. कोंबडी संध्याकाळी परत येते ती मालकाच्या ओढीने नव्हे, आपल्या झोपायच्या जागेच्या ओढीने. ती जागा तिच्या डोक्यात पक्की बसण्याआधी तिला सोडणं म्हणजे मोकळं सोडणं नव्हे. ते वाऱ्यावर सोडणं झालं.

याचं कारण तिच्या कुळात आहे. आपली पाळीव कोंबडी मूळची लाल रानकोंबडीच्या वंशातली. रानकोंबडी दिवसभर जमिनीवर चरते आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढून बसते. कोंबडीला रात्री फारसं दिसत नाही. म्हणून दिवेलागणीला तिची घाई सुरू होते. ओळखीची जागा असेल तर ती तिकडे जाते, नसेल तर सापडेल त्या फांदीवर नाहीतर सांदीत बसते. मुंगूस, बोका आणि भटकं कुत्रं यांना एवढं पुरतं.

खानदेशात गावरान कोंबड्या बहुतेक घरांत बाईच्याच हाताखाली असतात. अंड्यांचा पैसा तिच्या हातात येतो. पोराची वही, एस.टी.चं तिकीट, औषधाची बाटली त्यातूनच निघते. चार कोंबड्या आणल्या आणि पहिल्या दोन दिवसांत तीन गेल्या, तर तिच्या पदराची गाठच सुटली म्हणायची.

तर मग काय करावं? कोंबडी आणताना पाय बांधू नका. हवा खेळेल अशा डालग्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात आणा. एकटी आणू नका, हा कळपात राहणारा पक्षी आहे. निदान दोन-तीन तरी हव्यात. घरी आल्यावर आधी पाणी द्या, त्यात गुळाचा खडा विरघळवला तरी चालेल. दाणे थोड्या वेळाने द्या. त्या दिवशी पोराबाळांना जवळ जाऊ देऊ नका. भेदरलेल्या कोंबडीला कौतुक नको असतं, अंधार आणि शांतता हवी असते.

पुढचे आठ-दहा दिवस तिला खुराड्यातच ठेवा. हा तुरुंगवास नव्हे, घराची ओळख आहे. रात्रीच्या मुक्कामाला एका कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा पुरते, पण दिवसभर कोंडायचं तर खुराड्याला लागून जाळीचं छोटं आवार करावं. आत बसायला जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर आडवा दांडा हवा. वरच्या बाजूला हवेसाठी जाळी हवी आणि खाली फट अजिबात नको, मुंगसाला थोडी जागाही पुरते. कोपऱ्यात गवत घातलेलं टोपलं अंड्यासाठी ठेवा. दार अंगणाकडे असू द्या, म्हणजे बंद असतानाही तिला चूल, तुळस, विहीर, माणसं सगळं दिसत राहील. दाणे टाकताना रोज तीच हाक द्या, तोच डबा वाजवा. चार दिवसांत डब्याच्या आवाजाला मान वर होते.

पहिल्यांदा सोडायचं ते सकाळी नव्हे, सूर्य मावळायच्या तासभर आधी आणि उपाशीपोटी. लांब जायला तिला वेळच मिळत नाही. उजेड कमी होताच खुराड्यात दाणे टाकून डबा वाजवा, ती आत येते. दुसऱ्या दिवशी थोडं लवकर सोडा, तिसऱ्या दिवशी आणखी लवकर. असं आठवडाभर केलं की ती दिवसभर हिंडायला तयार होते. पण अंडी घालणारी कोंबडी सकाळी जरा उशिरा सोडावी. बहुतेक अंडी दुपारच्या आत घातली जातात. लवकर सोडली, तर अंडी शेजारच्या कुंपणात शोधावी लागतात.

घरात आधीच्या कोंबड्या असतील, तर नवीन आलेल्यांना तीन आठवडे लांब ठेवा. त्यांचं भांडंही वेगळं हवं. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि नंतर हात धुवायचे. कारण बाजारातून कोंबडीबरोबर रोगही येतो. त्यातला मोठा म्हणजे राणीखेत, ज्याला पूर्वीचे लोक 'मर' म्हणून सोडून देत. हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास घेणं, मान वाकडी होणं ही त्याची लक्षणं. रोग जडल्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ती वेळेवर द्यावी.

तीन आठवड्यांनंतरही एकदम मिसळू नका. जाळीपलीकडून काही दिवस एकमेकींना पाहू द्या. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते. थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी ती नीट मांडली. नवी आली की उतरंड पुन्हा लागते, तेव्हा थोडी टोचाटोची होणारच. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. रक्त निघालं तर मात्र ती कोंबडी लगेच बाजूला काढा, कारण लाल रंग दिसला की सगळ्याच टोचतात.

गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिल्लं आणली असतील, तर ती पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत उबेत आणि आडोशालाच वाढवा. आई नसलेल्या पिल्लाला घारीची सावली ओळखायला कोणी शिकवलेलं नसतं.

आता आपल्या मुलखापुरत्या दोन-तीन गोष्टी. जळगाव-भुसावळचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. शक्यतो एप्रिल-मेमध्ये नवीन कोंबड्या आणू नयेत. आणल्याच तर पहाटे आणि संध्याकाळी सोडा, दुपारी सावली, मातीच्या भांड्यात पाणी आणि खुराड्यावर ओलं गोणपाट ठेवा. कपाशीवर फवारणी झाली की त्या बाजूला कोंबडी जाऊ देऊ नका. औषध चोळलेलं उरलेलं बियाणं अंगणात सांडू नका. सरकी गुरांना घालतात म्हणून कोंबड्यांना घालू नये, ती त्यांना मानवत नाही. आणि शेजाऱ्याने मेथीचा वाफा टाकला असेल, तर आपल्या कोंबड्या आपणच आवराव्यात. मोकळेपणालाही बांध असतो.

शेवटची गोष्ट विसरून चालणार नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच नवापूरला. नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांतही तो निघाला. २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. अशा वेळी मोठ्या शेडबरोबर अंगणंही ओस पडतात. म्हणून कोंबड्या अचानक एकामागून एक मरू लागल्या, तर त्या खाऊ नका, विकू नका, नाल्यात फेकू नका. उघड्या हातांनी त्यांना न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवलेला रोग शेजारच्या आळीत जायला वेळ लागत नाही.

बाकी रोजचं काम साधं आहे. मगरिबच्या सुमाराला कोंबड्या ओळीने आत शिरतात. दांड्यावर बसल्या की मोजायच्या, आकडा जुळला की दार लावायचं. नव्याने आलेली कोंबडी न बोलावता त्या ओळीत दिसली, की समजा, आता तिला दिवसभर सोडायला हरकत नाही.