पळवलेला अग्निपुत्र आणि झाकलेला कॅमेरा

2022 साली आलेला कमल हासनचा 'विक्रम' आपल्या डॉर्मिटरीतल्या निम्म्या मुलांना पाठ आहे. पण त्याच नटाचा आणि त्याच नावाचा एक जुना 'विक्रम' आहे, 1986 सालचा, हे मला या उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत माहीत नव्हते. नव्याने जुन्याचे नाव आणि शीर्षकगीत दोन्ही उचलले आहे. जुना मात्र अगदी वेगळ्या जातीचा आहे. हेरगिरी, मारामारी आणि विनोद अशी ती मिसळ आहे, आणि तिच्या मध्यभागी आहे एक चोरीला गेलेली वस्तू. ती वस्तू म्हणजे चक्क एक क्षेपणास्त्र.

हा चित्रपट मी श्रीपेरुंबुदूरला पाहिला. बाबांची बदली तिथल्या एका कारखान्यात झाली आहे. चेन्नईपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, बंगळूरच्या रस्त्याला हे गाव आहे. रामानुजाचार्यांचे हे जन्मगाव, आणि 21 मे 1991 ला राजीव गांधींची हत्या झाली तेही हेच. आता मात्र सगळीकडे मोटारींचे आणि मोबाइलचे कारखाने. गंमत म्हणजे पुणे, सातारा, कोल्हापूर करत खाली येणारा राष्ट्रीय महामार्ग 48 तोच पुढे श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईला जातो. घरमालक आजोबांना सगळे 'ताता' म्हणतात (तमिळमध्ये ताता म्हणजे आजोबा). त्यांनी माटुंग्याला बरीच वर्षे नोकरी केल्यामुळे त्यांना हिंदी येते, थोडे मराठीही येते. मी नवा 'विक्रम' लावून बसलो होतो. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तंबी, असली वाला देखा क्या?"

गोष्ट थोडक्यात अशी. भारताने 'अग्निपुत्र' नावाचे आंतरखंडीय क्षेपणास्त्र बनवले आहे आणि ते सुगीर्तराजा नावाचा खलनायक पळवतो. हा खलनायक म्हणजे सत्यराज, आपला 'बाहुबली'तला कटप्पा. ते परत आणण्यासाठी विक्रम नावाच्या गुप्तहेराला बोलावले जाते. त्याच्याबरोबर प्रीती नावाची संगणकतज्ज्ञ मुलगी असते, ते काम लिस्सी या अभिनेत्रीने केले आहे. शोध घेत दोघे सलामिया नावाच्या काल्पनिक राज्यात पोहोचतात. तिथला सुलतान आहे अमजद खान आणि राजकन्या डिंपल कपाडिया. गब्बरसिंगला सुलतानाच्या पोशाखात तमिळ चित्रपटात बघणे हाच एक विनोद आहे.

पण खरा विनोद अनुवादकाचा आहे. सलामियाची भाषा कुणालाच येत नाही, म्हणून जनगराज नावाचा विनोदी नट दुभाष्या म्हणून मध्ये उभा राहतो. सलामियातली माणसे काहीतरी बोलणार, तो त्याचे तमिळ करणार, मग ताता त्याचे हिंदी करणार आणि मी ते धाकट्या बहिणीला मराठीत सांगणार. चार भाषांतून वाक्य माझ्या बहिणीपर्यंत पोहोचायचे तेव्हा पडद्यावर पुढची मारामारी सुरू झालेली असायची. ती शेवटी म्हणाली, "दादा, नुसते चांगला कोण आणि वाईट कोण तेवढे सांग."

आता मुद्द्याकडे येतो. क्षेपणास्त्र चोरून खरेच कुणाला काय करता येईल, हा प्रश्न मला चित्रपट संपल्यावर पडला. आपल्याला नकाशावाचनाच्या तासाला शिकवतात की रात्री खुणा दिसत नसतील तर होकायंत्रावर दिशा धरायची आणि पावले मोजायची. म्हणजे आपण कुठून निघालो, कोणत्या दिशेने आणि किती चाललो, यावरून आपण कुठे आहोत ते काढायचे. क्षेपणास्त्राच्या आतली जडत्वीय मार्गदर्शन प्रणाली हेच करते. जायरोस्कोप दिशेतला बदल सांगतो, त्वरणमापक वेग किती बदलला ते सांगतो, आणि संगणक दर क्षणी बेरीज करत राहतो. बाहेरून कोणी काही सांगण्याची गरज नसते.

याचा अर्थ असा की सुरुवातीची जागा आणि दिशा अचूक ठाऊक नसेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. आपल्या रात्रीच्या सरावात एका अंशाची चूक झाली तर एक किलोमीटरवर आपण सतरा-अठरा मीटर बाजूला जातो. चालता येते, ओरडून विचारता येते. तीच एका अंशाची चूक हजार किलोमीटरवर साडेसतरा किलोमीटर होते. तेव्हा खलनायकाने क्षेपणास्त्र वाळवंटात नेऊन उभे केले तरी त्याच्या संगणकाला 'तू आता इथे आहेस' आणि 'तुला तिथे जायचे आहे' हे सांगणारा माणूस लागतो. शिवाय घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, त्यामुळे चूक कळल्यावर थांबवायची सोय नाही. वजनाचा विचार तर वेगळाच. आजचे आपले अग्नि-5 सुमारे पन्नास टनांचे आहे. ते हलवायला खास वाहन लागते, आणि असले वाहन लपवणे म्हणजे लग्नाची वरात लपवण्यासारखे आहे.

चित्रपटाने बऱ्याच गोष्टींत थापा मारल्या आहेत, पण एक गोष्ट बरोबर धरली आहे. नायकाबरोबर दुसरा पहिलवान न पाठवता संगणक जाणणारी मुलगी पाठवली. 1986 साली आपल्याकडे बहुतेक घरांत टेलिफोनसुद्धा नव्हता, तेव्हा हे कुणाला सुचले असेल?

हे तातांनी सांगितले. कथा 'सुजाता' यांची. सुजाता म्हणजे बाई नव्हे. एस. रंगराजन नावाचे इंजिनिअर पत्नीच्या नावाने लिहीत. नोकरी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडमध्ये, म्हणजे सैन्यासाठी रडार आणि संदेशयंत्रे बनवणाऱ्या कंपनीत. तिथे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र तयार करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. शिक्षण चेन्नईच्या क्रोमपेटमधल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाले, जिथे त्याच काळात डॉ. अब्दुल कलाम शिकत होते. हिंदीत 'रोबोट' म्हणून आलेल्या रजनीकांतच्या चित्रपटासाठीही त्यांनी लिहिले होते, पण तो 2010 मध्ये लागण्याआधी, 2008 सालीच ते गेले. ताता म्हणतात की त्यांनी सुजातांच्या गोष्टी वाचल्या त्यापेक्षा जास्त वेळा त्यांचे बटण दाबले आहे, दर निवडणुकीला.

आता एक योगायोग बघा. 'विक्रम' लागला मे 1986 मध्ये. त्यातले क्षेपणास्त्र 'अग्निपुत्र'. खरे 'अग्नि' उडाले 22 मे 1989 ला, ओडिशातल्या चांदीपूरहून, तीन वर्षांनी. एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम 1983 पासूनच सुरू होता आणि त्याचे प्रमुख होते कलाम. अग्निचा पहिला टप्पा आपल्याच एसएलव्ही-3 रॉकेटवरून घेतला होता. 1980 मध्ये रोहिणी उपग्रह वर नेणारे हे रॉकेट श्रीहरिकोटाहून उडाले होते, आणि श्रीहरिकोटा चेन्नईच्या थोडेच उत्तरेला आहे.

पण हे उड्डाण चित्रपटासारखे एका झटक्यात झाले नाही. 20 एप्रिल 1989 ला उलटी गणती चालू असताना, उड्डाणाला 14 सेकंद उरले असता, संगणकाने स्वतःच 'थांबा' सांगितले. एक उपकरण नीट चालत नव्हते. 1 मे रोजी पुन्हा तयारी झाली आणि पुन्हा थांबावे लागले. वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रे काढली. अमूलने तर आपल्या जाहिरातीत अग्निला इंधन म्हणून त्यांचेच लोणी सुचवले! कलामांनी हे आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. तिसऱ्या वेळी ते उडाले. मला या प्रसंगातला संगणक फार आवडतो. सगळा देश बघत असताना, वरिष्ठ मागे उभे असताना, 'नाही' म्हणण्याची हिंमत त्याच्यात होती. म्हणजे खरे तर ज्यांनी त्याला तसे शिकवून ठेवले होते त्यांच्यात.

दरम्यान 1987 मध्ये अमेरिकेसह सात देशांनी ठरवले की 500 किलो वजन घेऊन 300 किलोमीटरपेक्षा लांब जाणाऱ्या क्षेपणास्त्रांचे तंत्रज्ञान कुणाला द्यायचे नाही. अग्नि वातावरणात परत शिरताना त्याचे टोक प्रचंड तापते. त्यासाठी लागणारे कार्बनचे हलके कवच बाहेरून मिळण्यासारखे नव्हते, ते इथेच बनवावे लागले. पुढे हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधल्या एका डॉक्टरांनी ते प्रयोगशाळेत उचलून पाहिले आणि त्यांना आपल्या रुग्णालयातली मुले आठवली. पोलिओ झालेल्या त्या मुलांच्या पायांना लोखंडी कॅलिपर होते, तीन किलोंहून जड. अग्निच्या सामग्रीतून बनवलेले कॅलिपर भरले 300 ग्रॅम.

इथे मला चित्रपटाशी भांडावेसे वाटते. त्यात चोरीला जाते ती वस्तू. वस्तू परत आली की गोष्ट संपते, नायक घरी जातो. खऱ्या जगात उलटे घडले आहे. पाकिस्तानचे अब्दुल कादीर खान 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांशी संबंधित कंपनीत काम करत होते. 1975 च्या अखेरीस ते मायदेशी परतले ते त्या यंत्रांच्या आराखड्यांची माहिती घेऊन. यंत्र एकही हलले नव्हते, सगळे जागच्या जागी होते. मग विक्रमने परत आणायचे तरी काय?

याच्या उलटही झाले आहे. रशियाने आपल्याला अतिशीत इंधनावर चालणारी, म्हणजे क्रायोजेनिक, इंजिने आणि ती बनवण्याची विद्या दोन्ही द्यायचे कबूल केले होते. 1993 मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे करार बदलला. सात तयार इंजिने मिळाली, विद्या मिळाली नाही. वस्तू हातात असूनही स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनाने जीएसएलव्ही यशस्वी व्हायला 5 जानेवारी 2014 उजाडला. इंजिन बघून इंजिन बनवता येत नाही, हे आमचे भौतिकशास्त्राचे सर रेडिओ उघडून बसलेल्या मुलांना नेहमी सांगतात. (मी त्यांपैकी एक.)

आणि हेरांच्या गोष्टी माणसाला किती महागात पडतात तेही याच इंजिनाच्या बाबतीत दिसले. नोव्हेंबर 1994 मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना क्रायोजेनिक इंजिनाचे आराखडे परदेशी हेरांना विकल्याच्या आरोपाखाली केरळात अटक झाली. आपल्याकडे ते इंजिन बनवण्याची विद्या तेव्हा तयारच नव्हती. 1996 मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचे सांगितले, पण सर्वोच्च न्यायालयाने अटक विनाकारण होती असे म्हणून 50 लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितले ते थेट सप्टेंबर 2018 मध्ये. मधली वर्षे त्यांना कुणी परत आणून दिली नाहीत. हे वाचल्यावर मी 'विक्रम'चा काही भाग पुन्हा पाहिला. हसू आले, पण थोडे कमी.

बाबांना हे सगळे जेवताना सांगितले तर त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. कॅमेऱ्यावर लाल गोल स्टिकर होता. कारखान्याच्या फाटकावर रोज सकाळी तो लावतात आणि संध्याकाळी बाहेर पडताना तपासतात. आत कोट्यवधींची यंत्रे आहेत, पण ती खिशात घालून कोणी नेत नाही. भीती असते ती एका फोटोची. बाबा म्हणाले की त्या दिवशी गर्दीत स्टिकर काढायचा राहून गेला, नाहीतर ते रोज बाहेर येऊन तो सिक्युरिटीच्या टेबलाखाली चिकटवतात. टेबलाखाली म्हणे शेकडो झाले आहेत.

कुणाला जुना 'विक्रम' बघायचा असेल तर इंग्रजी अक्षरे खाली येणारी प्रत शोधा, नाहीतर माझ्या बहिणीसारखी अवस्था होईल. मारामाऱ्या आज जरा खोट्या वाटतात. संगणकाचे पडदे मात्र नीट बघा, आणि जनगराज येईल तेव्हा उठून पाणी प्यायला जाऊ नका. शेवटी क्षेपणास्त्राचे काय होते ते मी सांगणार नाही. तातांनी मला मध्येच सांगून टाकले होते आणि मी दोन दिवस त्यांच्यावर रुसलो होतो.