कयाक घेऊन मालवणला निघण्याआधी

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण सुट्टी लागली की सोलापूर-कोल्हापूरमार्गे मालवण, तारकर्ली, देवबाग गाठणाऱ्या इथल्या गाड्या काही कमी नाहीत. तिथे हल्ली कयाक भाड्याने मिळते. विहिरीत पोहायला शिकलेला आणि फार तर नळदुर्गला बोरीच्या पाण्यात होडीत बसलेला माणूस मग समुद्रालाही मोठा तलाव समजून वल्हं हातात घेतो.

“पाणी सपाट आहे, म्हणजे धोका नाही.”
सकाळी किनाऱ्यालगतचं पाणी बहुधा सपाटच असतं, कारण तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. लाटा दबलेल्या असतात, कयाक भराभर पुढे जाते आणि आपल्याला वाटतं, जमलं की! खरं तर वारा आपल्याला बाहेर ढकलत असतो. नवख्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही; जोराच्या वाऱ्यात वळून परतताना तोही उरत नाही. दुपारी खारा वारा सुटला की उलटं चित्र: पाणी खवळतं, पण वारा किनाऱ्याकडे आणतो.

“भरती-ओहोटीच्या वेळा तिथे गेल्यावर बघू.”
त्या घरातल्या कालनिर्णयवरून निघतात. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. मधे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून निघण्याआधी छापील तक्ता पाहावाच. पण सहलीचा शनिवार निवडायला पंचांग पुरतं.

आता पौर्णिमेचाच शनिवार घ्या. सकाळी सातला देवबागहून कर्लीच्या खाडीत शिरलात तर चढतं पाणी आपणहून आत नेतं. अकरानंतर ओहोटी लागली की परतीलाही तीच मदत करते. गोची मुखाशी आहे. उधाणाची ओहोटी खाडीचं पाणी बाहेर ओढत असते, समोरून खारा वारा आणि लाटा येत असतात. दोन्हींची गाठ पडते तिथे लाट आखूड आणि उभी होते आणि कयाक आडवी झाली की उलटते. म्हणून मुखाच्या बऱ्याच अलीकडे, खाडीच्या आतच उतरायचं. अष्टमीला भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, सौम्य भरती असते, ओढ कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच आठवडा धरावा.

“मोबाईलवर सगळं दिसतं, कोळ्यांना काय विचारायचं?”
हवामान खातं वाऱ्याचा आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते. तो बघायलाच हवा. दूर दक्षिणेतून आलेल्या लाटा इथे वारा नसतानाही किनाऱ्यावर आदळतात, हे डोळ्यांना आधी कळत नाही. पण नदीच्या मुखाशी यंदा वाळूचा दांडा कुठे सरकलाय, सिंधुदुर्ग आणि पद्मगडाजवळचे कोणते खडक ओहोटीला पाण्याखाली जेमतेम बुडालेले राहतात, आज रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, कुठे लागली आहे, हे किनाऱ्यावर जाळी निवडत बसलेल्या माणसालाच ठाऊक. “दादा, आज कसं आहे पाणी?” एवढं विचारावं. तो “नको” म्हणाला तर वाद घालू नये. गाडीभाडं वाया गेलं, हा काही वल्हवायला निघण्याचा मुद्दा होत नाही.

“पावसाळा संपला की समुद्र मोकळा.”
यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, हे सर्वांना माहीत. पण अरबी समुद्रात वादळं पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ ला कोकणावर आलं, ‘ओखी’ डिसेंबर २०१७ मध्ये, तर ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतही अंदाज बघूनच निघायचं.

“पोहता येतं, जॅकेट कशाला?”
विहिरीला काठ हाताशी असतो. जॅकेट पट्टे आवळून घालायचं, मांडीवर ठेवायचं नाही. शिट्टी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाईल अंगावर हवा. कयाकमध्ये ठेवलेला मोबाईल कयाकबरोबरच जातो. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. कुठे जाणार आणि कितीला परतणार, हे किनाऱ्यावर थांबणाऱ्या कुणालातरी सांगूनच निघावं.