जुनं घर पाडायचं की सांभाळायचं? आधी छताचं वजन मोजा

ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातलं बोलणं शक्य तितकं तसंच ठेवलंय, फक्त 'बरं का' थोडे कमी केलेत.

आजचा भाग एका प्रश्नावरून निघालाय. आखाडा बाळापूरहून एका ताईंनी विचारलंय: "सासऱ्यांनी साठच्या दशकात बांधलेलं घर आहे. मागचे खण माळवदाचे, पुढची बैठक गर्डर-फरशीची, वरची खोली पत्र्याची. मोबाइलवर मिड-सेंच्युरी मॉडर्न घरांचे फोटो बघते, ती फार आवडतात. तसं आपल्याकडे जमेल का? मुलगा म्हणतो पाडून स्लॅब टाकू, सासूबाई म्हणतात हात लावू नका."

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. एकेक बघू.

हे मिड-सेंच्युरी म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतली घरं आणि फर्निचर. अमेरिकेत 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' नावाच्या मासिकाने 1945 मध्ये एक उपक्रम सुरू केला: साधी, परवडणारी, नव्या पद्धतीची घरं बांधून लोकांना दाखवायची. चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोचं 1949 चं घर त्यातलंच. कारखान्यात मिळणारे तयार लोखंडी भाग आणि काचा वापरून उभं केलेलं. हेच ईम्स पुढे भारतात आले, 1958 मध्ये सरकारला अहवाल दिला, आणि त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं तोंडभरून कौतुक केलं. त्या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली.

आपल्याकडेही हे वारं आलंच. आचऱ्यात जन्मलेले अच्युत कानविंदे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसकडे शिकून आले. चार्ल्स कोरियांनी 1961-62 मध्ये अहमदाबादेत 'ट्यूब हाउस' बांधलं. अरुंद, लांबट घर. उतरतं छत, आणि छताच्या वरच्या टोकाला फट. गरम हवा वर चढते, फटीतून बाहेर जाते, खालून गार हवा आत ओढली जाते. पंख्याशिवाय.

आता माळवदातलं सानं आठवा! छताला ठेवलेलं ते भोक. त्यातून उजेड खाली येतो, धूर आणि गरम हवा वर जाते. तत्त्व तेच. म्हणून फोटोतलं फर्निचर शोधण्याआधी आपल्या घरात काय आहे ते बघा. उंच भिंतीतले व्हेंटिलेटर, समोरासमोर खिडक्या, कोनाडे, सागवानी खांब, पायाखाली शहाबादी. ही फरशी आपल्याकडे इतकी का? कारण शहाबाद गुलबर्ग्याकडचं, आणि 1956 पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो.

पण आपल्याकडे जमीन हलते

आता मुलाचं म्हणणं. 21 मार्च 2024 ची सकाळ बाळापूरकरांना सांगायला नको. 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 तीव्रतेचा धक्का, दहा-अकरा मिनिटांत दुसरा 3.6 चा. परत 10 जुलैला 4.5. केंद्र कुठे? आपल्याच कळमनुरी तालुक्यात. तेव्हा प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाका असं आवाहन केलं होतं. अजून ठेवले असतील तर हा मजकूर बाजूला ठेवा आणि आधी ते काढा. पत्रा दगडाने दाबायचा नसतो, हुक-बोल्टने खालच्या पाइपाला आवळायचा असतो.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला हजारो माणसं गेली, ती मुख्यतः घराखाली दबून. तिथल्या जाड दगडी भिंती म्हणजे खरं तर दोन भिंती होत्या: बाहेरचा थर, आतला थर, मध्ये मातीत भरलेले बारीक दगड. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसला की थर सुटे होतात, भिंतीला पोट येतं, आणि वरचं मातीचं छत खाली येतं.

छताचं वजन किती? हिशेब सोपा आहे. एक घनफूट दाबलेली माती साधारण 45 ते 50 किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असेल तर साडेचार ते पाच टन! आणि गळलं की आपण काय करतो? वर अजून मातीचा थर. गर्डर-फरशीवर काय करतो? अजून चार इंच कोबा. म्हणजे फुटाला आणखी सतरा-अठरा किलो. दर पाच-दहा वर्षांनी वजन वाढतंच, खालची भिंत मात्र तीच.

कामाचा क्रम

पैसा थोडा असेल तर हा क्रम सोडू नका.

पहिलं, छत. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. आतून टेकू देऊन, सगळीकडून सारखी. एका बाजूला ढीग घालून नाही. लाकडं भिंतीत जिथे टेकतात ती टोकं टोकरून बघा, वाळवी तिथेच लागते. गर्डर गंजलेत का बघा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आजूबाजूचं फोडतं, त्यावर नुसता गिलावा मारून चालत नाही. माती कमी केली की ऊन जास्त जाणवेल, खरंय. त्यावर वरून पांढरा चुना आणि सानं उघडं ठेवणं हा उपाय आहे. पत्र्याच्या खोलीत खाली बांबूच्या चटईची आढी करून मध्ये हवा खेळायला जागा ठेवा.

दुसरं, भिंती बांधून घेणं. ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा सळईचे बंध, आणि वर छताखाली सगळ्या भिंतींना फिरणारी जाळी-सिमेंटची पट्टी, आतून आणि बाहेरून, दोन्ही एकमेकांना जोडलेल्या. जुन्या घरांच्या मजबुतीसाठी आयएस 13935 हे मानक आहे. इंजिनिअरला या नंबराने विचारा. आणि कृपा करून मोठा हॉल हवा म्हणून मधली भिंत काढू नका. छत तिच्यावर असतं.

तिसरं, पाणी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया वर-खाली होतो. न्हाणीचं आणि पन्हाळीचं पाणी पायापासून लांब न्या, भिंतीलगत उताराची फरशी करा. निम्म्या भेगा इथेच थांबतात. माती-चुन्यातल्या भिंतीला ओल आली तर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट नको. ओल आत कोंडते आणि वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते.

चौथं, सजावट. इथे फार खर्चच नाही. शहाबादीवर टाइल्स बसवू नका, घासून पॉलिश करा. पण संडास धुवायचं ॲसिड तिच्यावर सांडू देऊ नका. तो चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं. व्हेंटिलेटर पीओपीने झाकू नका. खांबांवरचा ऑइलपेंट काढून तेल लावा. जुन्या कोनाड्यात दिवा सोडा, भिंतीला फिकट रंग द्या. कमी उंचीची बैठक, कमी सामान. ताई, तुम्ही बघताय त्या फोटोंमध्ये याहून वेगळं फारसं काही नसतं!

मग पाडायचं कधी?

भिंतीला पोट आलंय, कोपरे उभे फाटून भिंती एकमेकींपासून सुटल्यात, किंवा तुळयांची टोकं वाळवीने पोकळ झालीत. यातलं काही असेल तर तिथे झोपणं आजच बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा. तो भाग वाचणार नाही म्हणाला तर उतरवा. पण हाताने, लाकूड आणि फरशी वाचवत. नव्या बांधकामात तेच खांब ओसरीला लावा. सगळं घर एकदम पाडायची गरज बहुतेक वेळा नसते. आणि नुसता स्लॅब टाकला म्हणजे घर भूकंपाला टिकतं असंही नाही. त्याच जुन्या, न बांधलेल्या भिंतींवर स्लॅब टाकला तर धोका उलट वाढतो. मुलाला हे नक्की ऐकवा.

सासूबाईंना सांगा, घराला हात लावायचाच आहे, पण त्यातला पहिला हात डोक्यावरचं ओझं उतरवायला. तेवढं काम पावसाच्या आधी होऊ द्या.

तुमच्या घराचं छत कशाचं आहे आणि वर किती थर चढलेत, ते फूटपट्टी लावून मोजा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच. राम राम मंडळी!